बाल्बोआ पार्कातलं विमान संग्रहालय: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सॅन डिएगोत नव्यानं राहायला आलेल्या प्रत्येक मराठी घरात असा एक शनिवार येतो. भारतातून आई-बाबा आलेले असतात, समुद्र दोन-तीनदा बघून झालेला असतो, प्राणिसंग्रहालयात सगळ्यांचे पाय दुखून आलेले असतात आणि कुणीतरी विचारतं, "आता कुठे?" माझं उत्तर ठरलेलं आहे: बाल्बोआ पार्काच्या दक्षिण टोकाचं सॅन डिएगो एअर अँड स्पेस म्युझियम. पण जायचं तर थोडी तयारी करून जा. तयारीशिवाय गेलं तर ती छताला टांगलेल्या विमानांची रांग वाटते. विसाव्या विमानानंतर मुलं कंटाळतात आणि मोठी माणसं बाक शोधू लागतात.

तयारी फार नाही. प्रत्येक वस्तूसमोर उभं राहून दोनच प्रश्न विचारायचे. हे याच शहरात बनलं का? आणि हे खरं आहे की प्रतिकृती? या दोन प्रश्नांवर अख्खं संग्रहालय उलगडतं. ते का, हे पुढे येईलच.

आधी एक गोंधळ मिटवू. बंदरात उभी असलेली यूएसएस मिडवे ही विमानवाहू युद्धनौका म्हणजे वेगळं संग्रहालय. तिथेही विमानं आहेत, त्यामुळे "विमानांचं म्युझियम" म्हटल्यावर निम्मे लोक तिकडे जातात. मिडवे बघण्यासारखी आहेच, पण तिच्या पोटात उतरायला अरुंद, उभे लोखंडी जिने आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचार करावा. दोन्ही एकाच दिवशी उरकायच्या फंदात पडू नका.

जायचं कधी आणि किती वेळ काढायचा

संग्रहालय साधारण सकाळी दहाला उघडतं आणि साडेचारच्या सुमारास बंद होतं. वेळा सणासुदीला बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी संकेतस्थळ बघा. तीन तास हाताशी ठेवा. दुपारी अडीचला पोचून "पटकन बघून येऊ" म्हणणारे लोक शेवटच्या दालनांतून पळत बाहेर पडतात.

तिकिटाचं म्हणाल तर तीन वाटा आहेत. एक, सरळ तिकीट काढणं. दोन, पार्कातली तीन-चार संग्रहालयं बघायची असतील तर बाल्बोआ पार्क एक्सप्लोरर नावाचा एकत्रित पास. पाहुणे महिनाभर राहणार असतील तर बहुतेक वेळा तोच परवडतो. तीन, स्थानिक रहिवाशांसाठीचे मोफत मंगळवार. पार्कातली संग्रहालयं आळीपाळीनं महिन्यातल्या ठराविक मंगळवारी रहिवाशांना फुकट सोडतात. कुठला मंगळवार कुणाचा हे तपासा आणि स्थानिक पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. एक लक्षात असू द्या: ही सवलत रहिवाशांची आहे, पुण्याहून आलेल्या आई-बाबांचं तिकीट काढावंच लागेल. शिवाय मोफत मंगळवारी गर्दी असते. शांतपणे बघायचं असेल तर शाळा चालू असताना, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा.

सिम्युलेटरसारख्या गोष्टींना आत वेगळे पैसे पडतात. मुलांना ते आधीच सांगून ठेवा, म्हणजे आत हट्ट होणार नाही.

पोचायचं कसं

गाडीनं जात असाल तर फोनवर फक्त "बाल्बोआ पार्क" टाकू नका. पार्क सुमारे १,२०० एकरांचा आहे आणि फोन तुम्हाला प्राणिसंग्रहालयाच्या दारात नेऊन सोडेल. संग्रहालयाचं पूर्ण नाव टाका, म्हणजे पॅन अमेरिकन प्लाझापर्यंत पोचाल. या भागाला पॅलिसेड्स म्हणतात. गाडी लावायचे नियम आणि दर जागेनुसार वेगळे असू शकतात, तेव्हा गाडी सोडण्यापूर्वी तिथली पाटी वाचा. जवळ जागा मिळाली नाही तर पार्क बुलेव्हार्डच्या पलीकडे इन्स्पिरेशन पॉइंटचा मोठा वाहनतळ आहे. तिथून पार्काची मोफत ट्राम मिळते.

बसनं येणाऱ्यांसाठी डाउनटाउनमधून पार्क बुलेव्हार्डवरून जाणारी ७ नंबरची बस सोयीची. प्रेसिडेंट्स वेच्या जवळ उतरा आणि पश्चिमेकडे चालत या. रस्ता सरळ आहे, पण आजी-आजोबा बरोबर असतील तर ट्रामच बरी.

मे-जूनमध्ये सकाळी सॅन डिएगोवर ढग असतात आणि हवेत गारवा असतो. "कॅलिफोर्निया म्हणजे ऊन" असं समजून आलेल्यांना एक स्वेटर हातात घ्यायला सांगा.

आत शिरण्याआधी: इमारत आणि अंगणातली दोन विमानं

बहुतेक लोक तिकिटाच्या ओढीनं थेट दारात घुसतात. थांबा. निम्मी गोष्ट बाहेर आहे.

ही इमारत मुळात विमानांसाठी बांधलेलीच नाही. १९३५ साली याच पार्कात कॅलिफोर्निया पॅसिफिक इंटरनॅशनल एक्स्पोझिशन नावाचं मोठं प्रदर्शन भरलं. मंदीचा काळ, शहराला लोक आणि उद्योग दोन्ही हवे होते. त्या प्रदर्शनात फोर्ड मोटर कंपनीनं आपल्या गाड्या दाखवायला ही इमारत उभारली, म्हणून आजही तिला फोर्ड बिल्डिंग म्हणतात. वास्तुरचना वॉल्टर डॉर्विन टीग यांची. पार्कातल्या बाकीच्या बऱ्याच इमारती स्पॅनिश नक्षीकामानं नटलेल्या आहेत. त्या १९१५ मध्ये भरलेल्या, याआधीच्या प्रदर्शनाच्या. आणि ही मात्र गुळगुळीत, गोल, पांढरी, एकही फूल-पान नसलेली. वरून पाहिली तर एक लहान आणि एक मोठं वर्तुळ जोडून इंग्रजी आठाचा आकडा दिसतो. फोर्डच्या व्ही-८ इंजिनाची ही जाहिरात, असं हमखास सांगितलं जातं. १९७३ मध्ये इमारतीची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली.

दाराबाहेर दोन विमानं खांबांवर चढवलेली आहेत. काळं, चपटं, भाल्यासारखं दिसणारं विमान बघून जवळपास प्रत्येक जण "एसआर-७१ ब्लॅकबर्ड!" म्हणतो. ते एसआर-७१ नाही. ते त्याचं थोरलं भावंड, ए-१२. लॉकहीडनं सीआयएसाठी बनवलं, १९६२ मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि त्यात एकटा वैमानिक बसायचा. एसआर-७१ दोन माणसांचं आणि नंतरचं. ए-१२ आवाजाच्या तिप्पट वेगाच्या पुढे जायचं. त्या वेगात हवेच्या घर्षणानं अंग इतकं तापायचं की ॲल्युमिनियम टिकलं नसतं, म्हणून सांगाडा टायटॅनियमचा. आणि ते टायटॅनियम बरंचसं, आडवळणानं, सोव्हिएत रशियाकडूनच मिळवलेलं. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याच्याचकडून माल.

दुसरं विमान बघून लोक पुढे जातात, आणि मला नेहमी वाटतं की थांबायला हवं होतं तिथे. ते कॉन्व्हेअर कंपनीचं सी डार्ट. पोटाखाली पाण्यावर घसरायच्या पट्ट्या, म्हणजे स्की, असलेलं जेट लढाऊ विमान. ते याच शहरात बनलं आणि सॅन डिएगोच्या खाडीतच त्याच्या चाचण्या झाल्या. ३ ऑगस्ट १९५४ ला त्यानं सूर मारताना आवाजाचा वेग ओलांडला. पाण्यावरून उडणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही विमानाला हे आजतागायत जमलेलं नाही. तीन महिन्यांनी, ४ नोव्हेंबरला, खाडीवर पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक चालू असताना त्यातलं एक हवेत फुटलं आणि वैमानिक चार्ल्स रिचबर्ग गेले. योजना फार पुढे सरकली नाही. दारासमोर उभं आहे ते त्या मोजक्या विमानांपैकीच एक. दोन्ही प्रश्नांची उत्तरं "हो": खरं आहे, आणि इथलंच आहे.

प्रतिकृती इतक्या का?

आत गेल्यावर पाट्या वाचायची सवय लावा. कुठे "मूळ" असेल, कुठे "प्रतिकृती". प्रतिकृती म्हटलं की आपल्याकडे लोकांचा रस संपतो, "मग काय, खोटंच की!" तसं करू नका, कारण इथल्या प्रतिकृतींमागे एक दुखरी गोष्ट आहे.

संग्रहालयाची स्थापना १९६१ ची, लोकांसाठी ते उघडलं १९६३ मध्ये. काही काळानं ते पार्काच्याच मधल्या भागातल्या इलेक्ट्रिक बिल्डिंगमध्ये गेलं. २२ फेब्रुवारी १९७८ च्या रात्री ती इमारत जळून खाक झाली. आग लावलेली होती. चाळीसहून अधिक विमानं, त्यांच्याबरोबर कागदपत्रं, पदकं, पुस्तकं, सगळं गेलं. दोन आठवड्यांच्या आत पार्कातलं ओल्ड ग्लोब नाट्यगृहही अशाच आगीत गेलं. जळालेल्या इमारतीच्या जागी आज कासा दे बाल्बोआ उभी आहे. खेळण्यातल्या आगगाड्यांचं संग्रहालय बघायला मुलं तुम्हाला तिथे नेणारच आहेत, तेव्हा त्यांना ही जागा दाखवा.

मग शहरानं रिकामी पडलेली फोर्ड बिल्डिंग देऊ केली. देशभरातून विमानं आली, पैसे आले, आणि निवृत्त कामगारांनी स्वतःच्या हातांनी विमानं बांधली. विमान कारखान्यांच्या या गावात असे हात पुष्कळ होते. जून १९८० मध्ये संग्रहालय इथे पुन्हा उघडलं. म्हणजे आत जे दिसतं, ते जवळजवळ सगळं त्या आगीनंतर जमवलेलं किंवा घडवलेलं आहे.

गोल दालन: इथे घाई नको

आत शिरताच उंच गोल दालन लागतं. संपूर्ण भेटीतल्या वेळेचा चौथा हिस्सा इथे घालवला तरी हरकत नाही.

स्पिरिट ऑफ सेंट लुईस बघा. चार्ल्स लिंडबर्ग १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिसला एकटा, न थांबता गेला ते विमान. मूळ विमान वॉशिंग्टनला आहे, इथली प्रतिकृती. आगीपूर्वीही संग्रहालयाकडे एक प्रतिकृती होती, ती जळाली. पण या विमानाचा जन्म सॅन डिएगोचा, हे इथे आल्यावर कळतं. रायन एअरलाइन्स ही लहानशी कंपनी. बंदराजवळ, पूर्वी मासे डबाबंद करायचा कारखाना असलेल्या जागेत तिचं काम चालायचं. फेब्रुवारीच्या अखेरीस मागणी आली, डोनाल्ड हॉल यांनी आराखडा काढला, आणि २८ एप्रिलला विमान हवेत. साठ दिवस. त्या वेळी क्लॉड रायन यांनी कंपनीतला आपला वाटा विकलेलाही होता, नाव मात्र त्यांचंच राहिलं. पॅरिसचं अंतर किती, हे लिंडबर्ग आणि हॉल यांनी शहराच्या वाचनालयातल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा लावून मोजलं होतं.

मुलांना एक कोडं घाला: या विमानाला समोरची काच शोधून दाखवा. सापडणार नाही. इंधनाची मोठी टाकी वैमानिकाच्या पुढे ठेवली होती. अपघात झालाच तर टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये आपण चिरडले जाऊ नये, असा लिंडबर्गचा हिशेब. समोरचं बघायला बाजूची खिडकी आणि एक छोटा पेरिस्कोप. साडेतेहतीस तास तो तसाच उडाला.

आता गमड्रॉप. हे अपोलो ९ चं कमांड मोड्यूल, म्हणजे अंतराळवीर ज्यात बसून पृथ्वीवर परततात तो शंकूच्या आकाराचा भाग, आणि हे खरं आहे. अंतराळात जाऊन परत आलेलं. अपोलो म्हटलं की लोक ११ शोधतात आणि ९ बघून जरा हिरमुसतात. तसं व्हायला नको, म्हणून ही मोहीम नीट सांगतो.

३ मार्च १९६९ ला जेम्स मॅकडिव्हिट, डेव्हिड स्कॉट आणि रस्टी श्वाइकार्ट असे तिघे निघाले. चंद्राकडे गेलेच नाहीत. दहा दिवस पृथ्वीभोवतीच फिरले. काम एकच: चंद्रावर उतरायचं यान, लूनर मोड्यूल, माणसं बसवून पहिल्यांदा तपासायचं. त्या यानाचं हाक मारायचं नाव स्पायडर, आणि या शंकूचं गमड्रॉप, खाऊच्या एका गोळीवरून. मॅकडिव्हिट आणि श्वाइकार्ट स्पायडरमध्ये बसून गमड्रॉपपासून वेगळे झाले आणि दीडशे किलोमीटरहून जास्त लांब गेले. स्पायडरला उष्णतेपासून वाचवणारं कवचच नव्हतं. परत येऊन गमड्रॉपला जोडता आलं नसतं, तर घरी यायचा दुसरा मार्ग नव्हता. माणूस प्रथमच अशा यानात बसला होता जे त्याला पृथ्वीवर परत आणूच शकत नव्हतं. गमड्रॉपमध्ये एकटा थांबलेला स्कॉट पुढे अपोलो १५ मधून चंद्रावर चालला.

आता यानाकडे पुन्हा बघा. जेमतेम चार मीटर रुंद. तळाचं कवच करपलेल्या तव्यासारखं दिसतं, तो वातावरणात शिरतानाचा जाळ. तीन माणसं दहा दिवस यात राहिली, जेवली, आजारीही पडली. २००४ पासून हे यान इथे आहे.

अपोलोत सॅन डिएगोचाही हात आहे. चंद्रावर उतरताना लूनर मोड्यूलला उंची आणि वेग सांगणारं रडार क्लॉड रायन यांनी पुढे काढलेल्या रायन एअरोनॉटिकल या कंपनीनं बनवलं होतं. म्हणजे स्पिरिट आणि अपोलो एकाच दालनात असण्यामागे नुसती सजावट नाही.

वर्तुळात फिरताना

गोल दालनातून पुढे मोठ्या वर्तुळाची दालनं लागतात. बलूनपासून सुरुवात होते, मग ग्लायडर, राइट बंधू, पहिलं महायुद्ध, दुसरं महायुद्ध, जेट, अंतराळ. सगळं सारख्या बारकाईनं बघायला गेलात तर जेवणाची वेळ टळेल. मी काय करेन ते सांगतो.

सुरुवातीच्या उड्डाणांपाशी मराठी माणूस हमखास विचारतो, "तळपदे कुठे आहेत?" शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकलेली असते. इथे ते सापडणार नाहीत, आणि राग मानण्याचंही कारण नाही. त्या उड्डाणाचा त्या काळातला भक्कम पुरावा समोर आलेला नाही. ज्या वैमानिकशास्त्र नावाच्या ग्रंथाचा त्यासोबत हवाला दिला जातो, त्यातली विमानं उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला. अशी स्थानिक अभिमानाची कथा सॅन डिएगोकडेही आहे: जॉन माँटगोमेरी यांनी १८८० च्या दशकात शहराच्या दक्षिणेला ओटाय मेसावर ग्लायडर उडवला, ती. तिच्या नेमक्या वर्षावर अजून वाद घातला जातो. मुलांना दोन्ही कथा सांगा आणि विचारा, पुरावा म्हणजे काय काय असावं लागतं? चांगली अर्धा तास चर्चा होते, गाडीत परतताना.

पहिल्या महायुद्धाची तिपंखी-दुपंखी विमानं दिसायला देखणी आहेत, फोटो काढा आणि पुढे व्हा. दुसऱ्या महायुद्धाच्या दालनात मात्र थांबा. स्पिटफायर, मस्टँग, हेलकॅट आणि जपानी झीरो जवळजवळ ठेवून बघायला मिळणं रोजचं नाही. स्पिटफायर आपल्याही हवाई दलानं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडवलं आहे. घरातल्या आजोबांना लष्कराची आवड असेल तर त्यांना इथे मोकळं सोडा. संग्रहालयात बरेच स्वयंसेवक असतात, त्यांतले कित्येक स्वतः नौदलात किंवा विमान कारखान्यात नोकरी केलेले. इंग्रजी अडखळत बोललं तरी चालतं. विमानाकडे बोट दाखवून "तुम्ही यावर काम केलंत?" एवढं विचारलं तरी पुढची पंधरा मिनिटं ते बोलतात. माझ्या मते हे संग्रहालय पाहण्याचा सगळ्यात चांगला मार्ग हाच.

चालताना मान वर करायला विसरू नका. भिंतीच्या वरच्या भागात १९३५ चं मूळ भित्तिचित्र आहे: माणसाच्या प्रवासाचा इतिहास, पायी चालण्यापासून त्या काळच्या कल्पनेतल्या भविष्यापर्यंत. उंची १८ फूट, लांबी ४६८ फूट. खालच्या विमानांमुळे तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. फोर्डच्या वेळची ती खूण आहे, आणि भविष्याचा भाग बघताना १९३५ च्या लोकांना आजचं जग कसं वाटत होतं ते कळतं.

मधलं अंगण

वर्तुळाच्या पोटात पूर्वी उघडं अंगण होतं, त्यात फोर्डच्या व्ही-८ चिन्हाच्या आकाराचं कारंजं. आता वर छत आहे आणि तिथे सगळ्यात मोठी विमानं आहेत.

फोर्ड ट्रायमोटर बघा: तीन इंजिनं, पन्हाळी पत्र्यासारखं अंग. फोर्डच्या इमारतीत फोर्डचंच विमान, ही गंमत योगायोगाची असली तरी छान जुळून आली आहे. व्हिएतनाम युद्धातले शत्रू, फँटम आणि मिग-१७, एकमेकांच्या मागे लागल्यासारखे मांडले आहेत. मुलं इथेच सगळ्यात जास्त फोटो काढतात.

मी मात्र कॅटलिनापाशी जाऊन उभा राहतो. पीबीवाय कॅटलिना, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं, शंभर फुटांहून लांब पंखांचं गस्ती विमान. कन्सॉलिडेटेड ही कंपनी बफेलोच्या बर्फाला कंटाळून १९३५ मध्येच सॅन डिएगोला आली. खाडी वर्षभर गोठत नाही, पाण्यावरची विमानं बाराही महिने तपासता येतात, हे कारण. प्रदर्शन आणि कारखाना, दोन्ही एकाच वर्षी. शहराचं पुढचं अर्धशतक तिथून ठरलं. एप्रिल १९४२ मध्ये श्रीलंकेच्या दक्षिणेला जपानी आरमार येताना पाहिलं ते लेनर्ड बर्चल या कॅनेडियन वैमानिकाच्या कॅटलिनानं. त्यांना पाडण्यात आलं, पण त्याआधी संदेश कोलंबोला पोचला होता. हिंदी महासागरातलं युद्ध आपल्या दाराशी आलं होतं, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फारसं येत नाही.

कन्सॉलिडेटेडचंच दुसरं विमान म्हणजे बाँबफेकी बी-२४ लिबरेटर. सॅन डिएगोत आराखडा झाला, इथे बनलं, आणि मागणी इतकी वाढली की फोर्डनंही मिशिगनमध्ये त्याचा प्रचंड कारखाना काढला. युद्ध संपल्यावर मुद्दाम निकामी करून कानपूरला टाकून दिलेली काही लिबरेटर हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी जागेवरच दुरुस्त करून बंगळुरूला उडवत नेली. त्यांनी भारतीय हवाई दलात १९६८ पर्यंत काम केलं, आणि त्यांच्या तुकडीचा एक तळ होता पुण्याचा लोहगाव. तेव्हा विश्रांतवाडी-येरवड्यात लहानपण गेलेले कुणी आजोबा तुमच्याबरोबर असतील, तर त्यांनी सॅन डिएगोचं विमान पन्नासच्या दशकातच डोक्यावरून जाताना ऐकलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. विचारून बघा.

लहान मुलं, मोठी माणसं, डबा

मुख्य दालनं बहुतेक एकाच पातळीवर आहेत, त्यामुळे व्हीलचेअर आणि बाबागाडी दोन्ही चालतात. बाकं आहेत, पण विखुरलेली. चार-पाच वर्षांच्या मुलाला दीड तासाच्या वर ठेवू नका. त्याला गमड्रॉप, अंगण आणि सिम्युलेटर एवढंच दाखवा.

डबा न्यायला हरकत नाही, पण खायचा बाहेर. दालनांत खाणं-पिणं नको. समोर हिरवळ आणि झाडं भरपूर आहेत. पोळी-भाजी, दशम्या, थर्मासमधला चहा. आणि जेवताना वर बघा: सॅन डिएगोचा विमानतळ अगदी जवळ आहे आणि उतरणारी विमानं फार खालून जातात. शेजारी स्टारलाइट बोल नावाचं उघडं नाट्यगृह आहे, आता बंद पडलेलं. तिथे संगीतिका चालायच्या तेव्हा विमान आलं की गाणारे, नाचणारे, वादक सगळे जागच्या जागी थिजून उभे राहायचे आणि विमान गेलं की पुढची ओळ उचलायचे. प्रेक्षकांना त्याचीच जास्त मजा यायची म्हणतात.

बाहेर पडल्यावर

अंगात दम असेल तर पाच-दहा मिनिटांच्या चालीवर देशोदेशींच्या छोट्या घरांचा समूह आहे, त्यात भारताचंही घर आहे. ही घरं मुख्यतः शनिवार-रविवारी दुपारी उघडी असतात. रविवार असेल तर दुपारी दोनला स्प्रेकल्स ऑर्गनचा कार्यक्रम गाठा, फुकट असतो. उघड्यावरचा एवढा मोठा पाइप ऑर्गन जगात क्वचितच आहे. म्हणून रविवारचा क्रम असा लावा: दहाला संग्रहालय, एकला डबा, दोनला ऑर्गन. शेजारच्या मोटार संग्रहालयाचा मोह त्या दिवशी आवरा.

ज्यांना रॉकेटचं वेड आहे त्यांनी दुसऱ्या एखाद्या दिवशी एल कहोनला गिलेस्पी फील्डवरची संग्रहालयाची शाखा बघावी. तिथे ॲटलस क्षेपणास्त्र आहे. ॲटलसही सॅन डिएगोचंच, कॉन्व्हेअरनं बनवलेलं, आणि १९६२ मध्ये जॉन ग्लेनला पृथ्वीच्या कक्षेत नेलं ते याच जातीच्या रॉकेटनं. त्याची स्टीलची भिंत इतकी पातळ की आत दाब भरलेला नसेल तर ते स्वतःच्या वजनानं कोसळेल. शाखेच्या वेळा मोजक्या असतात, आधी फोन करून जा.

आणि आई-बाबा भारतात परत गेले, नातवाला शाळेत विमानावर प्रकल्प आला, तरी सोय आहे. संग्रहालयानं आपल्या दफ्तरातले लाखो जुने फोटो फ्लिकरवर सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. बहुतेकांवर वापराचं बंधन नाही, तरी प्रत्येक फोटोखालची सूचना वाचा. शोधताना नेमकं नाव टाका: रायन, कन्सॉलिडेटेड, कॅटलिना, सी डार्ट. नुसतं "विमान" टाकलंत तर संध्याकाळ संपेल आणि प्रकल्प तसाच राहील.